निवड दिली, पण सल्लागार कोठे आहे?

पदवीच्या पहिल्या वर्षास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज महाविद्यालयाच्या कार्यालयात एक तक्ता ठेवला जातो. मुख्य विषय, गौण विषय, खुली निवड, व्यावसायिक कौशल्य, क्षमता संवर्धन, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रकार्य, समाजसेवा, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण अशी त्या तक्त्याची घरे आहेत. प्रत्येक घरापुढे दोन, चार असे श्रेयांक मांडलेले असतात आणि एका सत्रात त्यांची बेरीज वीस ते बावीस भरावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये हा आराखडा ठरवून दिला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. तक्त्यात खुणा करून त्याखाली विद्यार्थ्याने सही करावयाची असते. सही केली की ती निवड त्याची. पुढे काही चुकले तर जबाबदारीही त्याचीच.

हा तक्ता त्याला समजावून कोण सांगतो? ज्यांनी अलीकडे ग्रामीण भागातील एखाद्या महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत दोन तास घालविले असतील, त्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. खिडकीमागचा कारकून सांगतो, कारण त्याला रांग संपवावयाची असते. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेला गावचा मुलगा सांगतो, कारण त्याने जे घेतले ते त्याच्या मते बरे असते. आणि सर्वांत अधिक सांगतो तो तालुक्याच्या ठिकाणी संगणकाचे दुकान टाकून बसलेला फॉर्म भरून देणारा. त्याला शे-दोनशे रुपये दिले की तो फॉर्म भरतो, आणि फॉर्ममध्ये जी खूण पटकन करता येते ती करतो. एका पिढीचे पदवीशिक्षण असे दुकानाच्या काउंटरवर ठरते आहे, आणि याला आपण विद्यार्थ्याचे निवडस्वातंत्र्य म्हणतो.

स्वातंत्र्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहास वाचावासा वाटला, वाणिज्य शाखेतील मुलीला मानसशास्त्र शिकावेसे वाटले, तर जुन्या पद्धतीत त्यांना वाव नव्हता. शाखांच्या भिंती पडाव्यात ही मागणी पुरोगामी शिक्षणविचारानेच प्रथम केलेली होती. परंतु निवड ही गोष्ट हवेत नसते. निवड करावयाची तर पर्याय कोणते आहेत, प्रत्येक पर्याय पुढे कोठे नेतो, कोणते दार त्यामुळे उघडते आणि कोणते कायमचे बंद होते, हे ठाऊक असावे लागते. हे ज्ञान समाजात सारखे वाटलेले नाही. ते जमिनीसारखेच काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे.

ज्या घरात आई प्राध्यापिका आहे, मामा बँकेत अधिकारी आहे, चुलत बहीण परदेशी शिकून आली आहे, त्या घरातील मुलाला विद्यापीठाच्या सल्लागाराची गरज सहसा पडत नाही. त्याचा सल्लागार रात्री जेवताना त्याच्या शेजारी बसलेला असतो. गौण विषय म्हणून संख्याशास्त्र घे, पुढे अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला उपयोगी पडेल, हे त्याला वरणभात खाताना कळते. ऊसतोड कामगाराच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या, इमारतीच्या पहारेकऱ्याच्या घरात मूल पहिल्यांदा महाविद्यालयात जाते तेव्हा त्या घराकडे द्यायला माया असते, कष्ट असतात, कधी विकलेल्या शेळीचे पैसेही असतात. नसते ती ही माहिती. तेव्हा पर्यायांची संख्या वाढविली आणि पर्यायांविषयीचे ज्ञान पूर्वी होते तेथेच ठेवले, तर प्रत्येक नव्या पर्यायागणिक विषमता वाढते. ठरीव अभ्यासक्रमात एक प्रकारची कोरडी समता तरी होती. जे श्रीमंताच्या मुलाला तेच गरिबाच्या. आता तीही राहिलेली नाही.

निवडीचे तत्त्व ज्या देशाकडून आपण उचलले तेथे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत चार्ल्स एलियट हे १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढील काही दशकांत त्यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक दिली. ही मोकळीक जशी पसरली तसा तेथील विद्यापीठांच्या ध्यानी आले की अठरा वर्षांच्या मुलाला शंभर विषयांच्या यादीपुढे उभे करून निघून जाता येणार नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७० च्या दशकातच अध्यापक-सल्लागारांची व्यवस्था सुरू झाली. स्वतः हार्वर्डने १८८९ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागारांचे एक मंडळ नेमले. निवड आणि सल्लागार ही तेथे जोडीने वाढलेली भावंडे आहेत. आपण त्यांतले एक घरी आणले आणि दुसरे तेथेच सोडून आलो. कारण उघड आहे. निवडीचा तक्ता छापावयास कागद लागतो, सल्लागाराला पगार द्यावा लागतो.

पण यासाठी हार्वर्डपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्याच महाराष्ट्रात या शतकाहून जुने आणि कितीतरी अधिक बोलके उदाहरण आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणाऱ्या एका शाळकरी मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे इंटरनंतर वडिलांजवळचा पैसा संपला आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी त्याला सयाजीराव गायकवाड महाराजांपुढे नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

ही कथा आपण व्यासपीठांवरून अनेकदा सांगतो, आणि ती बहुधा महाराजांच्या औदार्याची किंवा बाबासाहेबांच्या असामान्य बुद्धीची कथा म्हणून सांगतो. दोन्ही खरे आहे. परंतु बुद्धी आणि औदार्य यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा होता, ज्याला या मुलाची पात्रता ठाऊक होती आणि कोणाचे दार ठोठवावे हेही ठाऊक होते. केळुसकरांनी आपल्या खिशातून शिक्षण दिले नाही, वर्गात शिकवून परीक्षा पास करून दिली असेही नाही. त्यांनी केले ते काम शैक्षणिक सल्लागाराचे. तो शब्द त्या काळी कोणाला सुचला नसता. एका मुलाला असा माणूस बागेत योगायोगाने भेटला. त्याच वर्षांत, त्याच मुंबईत, तशाच चाळींत ज्यांना तो भेटला नाही त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. योगायोगाने जे एकाला मिळाले ते अधिकाराने सर्वांना मिळावे, यासाठीच सार्वजनिक विद्यापीठे असतात.

बाबासाहेबांच्या पुढच्या शिक्षणातही असे गुरू आढळतात. कोलंबिया विद्यापीठातील एडविन सेलिग्मन यांनी त्यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली; तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये एडविन कॅनन यांनी रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपल्या शिष्याच्या काही मतांशी आपण सहमत नाही हेही स्वच्छ नमूद केले. हे दोघे संशोधनाचे मार्गदर्शक होते, आणि मार्गदर्शकाचे काम सल्लागाराच्या कामाहून निराळे असते. तरी कॅनन यांच्या त्या प्रस्तावनेतील वृत्ती सल्लागारालाही हवी: मतभेद असूनही पाठीशी उभे राहणे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, नंतर १९४७ साली तेथेच ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाविद्यालय उभे केले, तेव्हा त्यांनाही ठाऊक होते की खेड्यातल्या मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, त्याच्या राहण्या-जेवण्याची, कामाची आणि पुढच्या वाटेची काळजी वाहणारे कोणीतरी जवळ असावे लागते. वसतिगृहाचा रेक्टर हा त्या संस्थांत केवळ हजेरी घेणारा नव्हता.

आता सल्लागाराने करावयाचे काम नेमके कोणते, हे पाहू. भाषणांतून ‘मार्गदर्शन’ हा शब्द इतका गुळगुळीत झालेला आहे की त्याखाली काय काय येते ते कोणी सांगत नाही.

पहिले काम तक्ता वाचून दाखविण्याचे. तीन वर्षांच्या पदवीला किती श्रेयांक लागतात, चौथे वर्ष घेतल्यास काय मिळते, चौथ्या वर्षात संशोधनाचा मार्ग घेण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किती गुणवत्ता राखावी लागते, तीन वर्षांवर थांबणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे आणि चार वर्षे करणाऱ्याला एका वर्षाचे, हे सारे पहिल्या सत्रातच ठाऊक असेल तर उपयोगाचे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळले तर ती माहिती राहत नाही, पश्चात्ताप होतो. समजा, नांदेडकडच्या एखाद्या मुलीला पुढे संख्याशास्त्रात जावयाचे आहे, पण पहिल्या वर्षी गणित सोपे नाही म्हणून तिने ज्या विषयात गुण बरे पडतात असा गौण विषय घेतला. तिला अडविण्याचे काम सल्लागाराचे नाही. पण ही खूण केल्याने दोन वर्षांनी कोणते दार लागणार आहे, हे तिला त्याच दिवशी सांगणारा माणूस हवा.

दुसरे काम पैशाच्या वाटा दाखविण्याचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार योजना, मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत जाहीर झालेली शुल्कमाफी अशा योजनांची यादी कागदावर लांबलचक आहे. परंतु प्रत्येकीला उत्पन्नाची मर्यादा निराळी, दाखले निराळे, मुदत निराळी. उत्पन्नाचा दाखला जुन्या आर्थिक वर्षाचा निघाला, बँकेचे खाते आधारला जोडलेले नाही, जातपडताळणीचे प्रमाणपत्र अद्याप हाती आले नाही, मध्ये एक वर्ष शिक्षण खंडित झाले, अशा कारणांनी अर्ज परत येतो. परत आलेला अर्ज दुरुस्त करावयाची मुदत विद्यार्थ्याच्या दूरध्वनीवर येऊन निघूनही जाते. शासनाने दिलेला हक्क असा संकेतस्थळाच्या एका पानावर मरतो आणि त्याची नोंदही कोठे होत नाही. मुलींच्या शुल्कमाफीतही शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले, इतर आकारणी उरलीच. ती किती आहे आणि भरावयास मुदत मिळते का, हे प्रवेशाच्या दिवशी विचारण्याचे धैर्य सगळ्याच मुलींच्या वडिलांना होत नाही. त्यांच्या वतीने ते विचारणारा एक माणूस महाविद्यालयाच्या आतच असावयास हवा.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ते काम आहे बाहेर पडण्याच्या दारापाशी उभे राहण्याचे.

नव्या आराखड्यात अनेक ठिकाणी प्रवेश आणि अनेक ठिकाणी निर्गम अशी सोय आहे. एक वर्ष करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. बाहेर गेलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, असा नियम आहे. यामागील हेतू वाईट आहे असे म्हणता येणार नाही. घरच्या अडचणीने शिक्षण सोडणाऱ्याची केलेली मेहनत वाया जाऊ नये, हे योग्यच आहे. परंतु याचा दुसरा परिणाम पाहा. कालपर्यंत एखादा मुलगा दुसऱ्या वर्षात महाविद्यालय सोडून गेला तर त्याला आपण गळती म्हणत होतो. गळती हा शब्द लाजिरवाणा होता, आणि ते बरेच होते. त्या शब्दाने कोणाकडे तरी बोट दाखविले जाई. आता त्याच घटनेला निर्गम म्हणावयाचे. गरिबीने ढकललेला आणि स्वेच्छेने गेलेला, दोघांची नावे एकाच रकान्यात. आकड्यांच्या हिशेबात गळती कमी होईल, आणि त्या आकड्याचा अहवालात अभिमानाने उल्लेखही होईल.

शिवाय ते प्रमाणपत्रही सहजासहजी हाती पडत नाही. पहिल्या वर्षाचे श्रेयांक पुरे केल्यावरही निर्गमासाठी आणखी चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण पुरे करावे लागते. वडील आजारी पडले म्हणून मार्च महिन्यात कारखान्यात कामाला लागलेला मुलगा उन्हाळ्यात हे चार श्रेयांक कोठून आणणार? म्हणजे ज्याच्यासाठी दार ठेवले असे सांगितले जाते, त्याच्याजवळ त्या दाराची किल्ली नाही. तो जातो ते पूर्वीसारखाच, रिकाम्या हाताने.

अशा वेळी त्याला थांबवून विचारणारा कोणी हवा. का जातोस? फीसाठी जातोस की खोलीच्या भाड्यासाठी? वर्गात कोणी काही बोलले का? एका विषयात नापास झालास म्हणून सगळे संपले असे तुला कोणी सांगितले? सकाळच्या वर्गांची सोय झाली तर राहशील का? जावेच लागले तर निदान परत येण्याची मुदत, श्रेयांकांचे खाते आणि कोणाला भेटावयाचे ते लिहून दिलेला कागद घेऊन जा. या पाच-दहा मिनिटांच्या संभाषणाने किती मुले राहिली असती, याचा हिशेब कोणी केलेला नाही. महाविद्यालय सोडण्याचा दाखला मात्र एका खिडकीतून, प्रश्न न विचारता मिळतो.

धोरणकर्त्यांना याची जाणीव नव्हती असेही नाही. धोरणाच्या मूळ मसुद्यात उच्च शिक्षणाच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलेले आहे की सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी साहाय्यकेंद्रे काढावीत, त्यासाठी पुरेसा निधी दिला जाईल, आणि सर्व विद्यार्थ्यांना अभ्यासाविषयी व व्यवसायाविषयी तज्ज्ञांचा सल्ला उपलब्ध असेल. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ, १९६६ साली, कोठारी आयोगानेही मार्गदर्शन व समुपदेशन हे उच्च शिक्षणाच्या सोयींचे अविभाज्य अंग मानावे असे सुचविले होते. दूरस्थ शिक्षणाने तर हे प्रत्यक्षात आणले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्याच्या अभ्यासकेंद्रांवर ‘समंत्रक’ नावाचा माणूस नेमला गेला. शिक्षक समोर नसलेल्या विद्यार्थ्याला सल्ला देणारा लागतो, हे तेथे मान्य झाले. शिक्षक समोर असलेल्या विद्यार्थ्याला तो लागत नाही, हे कोणी ठरविले?

मूल्यांकनाच्या व्यवस्थेने एक उपाय केला आहे. राष्ट्रीय मूल्यांकन परिषद महाविद्यालयांना किती विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक आहे याचे प्रमाण विचारते. हेतू चांगला. पण आपल्याकडे ज्या गोष्टीला गुण असतात तिची वही तयार होते. विद्यार्थिसंख्येला शिक्षकसंख्येने भागून प्रमाण काढले जाते, प्रत्येक शिक्षकाच्या नावे वीस-तीस मुले लिहिली जातात, समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात सह्या घेतल्या जातात. कित्येक विद्यार्थ्यांना आपला मार्गदर्शक कोण हे समितीने विचारल्यावर आठवावे लागते, आणि त्यासाठी त्यांच्याकडून आधी तालीमही करून घेतलेली असते. हे लिहिताना शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत कित्येक विभाग आज तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर उभे आहेत. त्यांना वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. तास संपल्यावर जिन्यात उभे राहून मुलाचे ऐकून घेतले तर त्या अर्ध्या तासाला शासनाच्या लेखी अस्तित्व नाही. तोच अध्यापक पुढच्या सत्रात असेल याचीही खात्री नाही. ज्याचे स्वतःचे उद्याचे ठरलेले नाही त्याने तीस मुलांच्या उद्याविषयी सल्ला द्यावा, ही अपेक्षा थट्टेची आहे. आणि तरीही असे अनेक अध्यापक हे काम करीत आहेत. विद्यापीठे चालली आहेत ती बव्हंशी त्यांच्या न मोजलेल्या अर्ध्या तासांवर.

यावर काही आक्षेप येतील. पैकी एक आमच्याच मित्रांकडून येतो: चांगला शिक्षक हाच सल्लागार, वेगळे पद कशाला? साने गुरुजींची परंपरा सांगणाऱ्या माणसाला हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. परंतु चांगुलपणावर व्यवस्था उभी करता येत नाही. चांगला शिक्षक असेल तेथे सल्लागारामुळे त्याचे काम हलके होईल. तो नसेल तेथे विद्यार्थी अगदीच उघडा पडणार नाही. दुसरे म्हणजे शिष्यवृत्तीचे नियम, श्रेयांकांचे हस्तांतर, विषयांची पुढील पात्रता हे एक स्वतंत्र, सतत बदलणारे ज्ञान आहे; रसायनशास्त्र उत्तम शिकविल्याने ते आपोआप येत नाही.

काही जण म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ नेमले की झाले. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न इतका गंभीर झाला की सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. मनाच्या आजाराला तज्ज्ञ हवाच, यात वाद नाही. परंतु प्रत्येक उदास विद्यार्थी आजारी नसतो. शिष्यवृत्तीचे पैसे सात महिने आले नाहीत आणि खानावळीची बाकी थकली म्हणून ज्याला झोप येत नाही, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून परत पाठविणे हा अन्याय आहे. त्याच्या दुःखाचे कारण समाजकल्याण कार्यालयातील एका टेबलावर पडलेले असते, आणि ते तेथून हलविणे हा त्यावरचा उपचार.

मात्र खरा गंभीर आक्षेप निराळाच आहे आणि तो समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःलाच घालावयास हवा. सल्लागार दारे दाखवितो, तसा तो दारे लावूही शकतो. बर्टन क्लार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६० साली तेथील दोन वर्षांच्या महाविद्यालयांविषयी एक निबंध लिहिला. त्याने दाखविले की त्या महाविद्यालयांतील सल्लागार मोठ्या आकांक्षा घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना हळूहळू, गोड बोलून, कमी दर्जाच्या वाटेकडे वळवितात. आणि हे इतक्या सौम्यपणे होते की विद्यार्थ्याला ते व्यवस्थेने केले असे न वाटता स्वतःच्याच कुवतीचा निर्णय वाटतो. निवालेल्या आकांक्षा बंड करीत नाहीत. आपल्याकडे तर या प्रक्रियेला जातीची जोड आहे. “तुला इंग्रजी झेपायचे नाही, तू आपला सोपा विषय घे”, हे वाक्य कोणाला ऐकविले जाते आणि कोणाला नाही, हे आपण सर्व जाणतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ साली नोंदविले होते की या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही. शिक्षकांच्या मनातील पूर्वग्रह सल्लागाराच्या खुर्चीत बसल्याने नाहीसे होत नाहीत. उलट त्या खुर्चीला अधिकार असेल तर ते अधिक बळावतात.

म्हणून सल्लागार हवा ही मागणी करताना तो कसा हवा हेही सांगावे लागेल. त्याने सर्व पर्याय सांगावेत, धोके सांगावेत, स्वतःचे मत विचारल्यास तेही सांगावे. पण खूण विद्यार्थी करील. काय सांगितले याची दोन ओळींची नोंद ठेवावी आणि तिची प्रत विद्यार्थ्याला द्यावी, म्हणजे उद्या ‘मी असे म्हणालोच नाही’ असे होणार नाही. सल्लागार बदलून मागण्याचा हक्क विद्यार्थ्याला असावा. सल्लागाराच्या हाती गुण, हजेरी किंवा शिक्षा यांपैकी काहीही असू नये, कारण जो मारू शकतो त्याच्याशी कोणी मोकळेपणी बोलत नाही. आणि सल्लागारांत दलित, आदिवासी, भटक्या समाजातून, मुस्लिम घरांतून आलेल्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण पुरेसे असावे. ज्याने स्वतः हा चक्रव्यूह भेदला आहे त्याला कोठे पाय अडकतो ते अनुभवाने ठाऊक असते.

आपल्या युवक संघटनांच्या काही शाखा प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज भरण्यास मदत करतात. हे काम मोलाचे आहे आणि ते अधिक जाणतेपणाने करावयास हवे. केवळ अर्ज भरून देणे पुरेसे नाही, तक्ता समजावून सांगता आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक शाखेतील दोघा-तिघांनी आपल्या विद्यापीठाची नियमावली मे महिन्यातच बसून वाचली पाहिजे. ती कंटाळवाणी आहे, त्याला इलाज नाही. पण फाटकाबाहेरचे टेबल फाटकाआतल्या पदाची जागा घेऊ शकत नाही. आपण फुकट करतो आहोत म्हणून शासनाची जबाबदारी टळली, असे होता कामा नये. टेबलापाशी येणाऱ्या प्रत्येक अडचणीची नोंद ठेवली, कोणता अर्ज कोणत्या कारणाने अडला, कोणी कोणत्या महिन्यात शिक्षण सोडले, तर वर्षअखेर हातात जी वही राहील ती कोणत्याही भाषणापेक्षा वजनदार असेल.

ती वही घेऊन जावयाची जागाही ठरलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे यावा लागतो. त्यात इमारतींच्या रंगरंगोटीची तरतूद असते, पदवीदान समारंभाची असते, संगणकप्रणाली विकत घेण्याची असते. आपले जे सदस्य तेथे आहेत त्यांनी येत्या अर्थसंकल्पीय बैठकीत एवढेच विचारावे, की पूर्ण वेळ पगारी शैक्षणिक सल्लागारांसाठी कोणत्या शीर्षाखाली किती रुपये ठेवले आहेत, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाने विद्यार्थ्याला दिलेला तास कोणत्या दराने मोजला जाणार आहे. उत्तर लेखी मागावे.